भिंतीवरच्या थापा

पहाटे जमीन हादरली आणि सुमिएबाईंचं घर त्यांच्याच अंगावर बसलं. तुळईखाली कंबर अडकलेली, तोंडात माती, आवाज फुटेना. कोबे शहरातल्या नागाताच्या त्या गल्लीत घरोघरी बूट शिवले जायचे. आता जळक्या रबराचा वास जवळ येत चालला होता.

वर शेजारी खणत होते, पण देव्हाऱ्याच्या खोलीकडे. कोण कुठे अंथरूण घालतं, हे सगळ्या गल्लीला पाठ होतं, आणि सुमिएबाईंचं अंथरूण त्याच खोलीत असायचं. पण शेजारच्या मित्सुयोचं बूट शिवायचं मशीन रोज भल्या पहाटे त्या खोलीच्या भिंतीपलीकडे खडखडायचं. भिंतीवर थापा मारून मारून कंटाळलेल्या सुमिएबाईंनी अंथरूण गुपचूप स्वयंपाकघरात हलवलं होतं. आपण हार मानली हे मित्सुयोला कळू नये, म्हणून कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. मेला तो ताठा!

"इथे अंथरूणच नाही. लेकीकडे गेली असेल," कुणीतरी म्हणालं. "आग आली, चला पुढच्या घरी!"

पावलं लांब जाऊ लागली. सुमिएबाईंचा एक हात मोकळा होता. त्यांनी तोंडासमोरच्या फळीवर मूठ आपटली. दोनदा जोरात, मग थांबून एकदा.

"लाकडं खचतायत," एक पुरुषी आवाज आला.

"लाकडं कसली, डोंबल!" मित्सुयो कडाडली. "वर्षभर माझ्या भिंतीवर अशाच थापा मारल्यात त्या भवानीनं. आवाज स्वयंपाकघरातून येतोय, तिथे खणा!"

मग फटीला तोंड लावून ती ओरडली, "बंद पडलंय गं मशीन, सुमिए! तू मारत राहा थापा!"