समुद्राकडच्या खिडकीची कडी

माझ्या कामात खोट काढणाऱ्याला मी पाणीसुद्धा विचारत नाही. घरदुरुस्तीची ठेकेदार आहे मी. भिंती पाडते, फरशा बसवते, गळकी छपरं कोरडी करते, आणि कुणी नाक मुरडलंच तर त्याच्या हातात ओळंबा देऊन सांगते, घे, तूच बघ सरळ आहे का ते. स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे शेवटी मी जे बोलले ते मला किती जड गेलं ते कळेल.

घर बाबांचं. वाळू संपते तिथे, समुद्राला खेटून. बाबा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात हे घर बांधायचे, त्यामुळे सगळा अंदाजपंचे कारभार. मधली भिंत वाकडी, स्वयंपाकघर काही कारण नसताना एक पायरी खाली, आणि समुद्राकडची खिडकी तर आमच्या जन्मापासून कधी नीट लागलीच नाही. फटीतून वाळू यायची, ती आई रोज झाडायची आणि रोज बाबांना बोलायची. आई गेली तरी बाबा तिथेच राहिले. मग हळूहळू त्यांची नजर गेली. आता उजेड आणि अंधार, एवढंच कळतं.

तरीही ते तिथे एकटे मजेत राहत होते, असं माझं म्हणणं. ते तिथे एक दिवस जळून मरणार होते, असं माझ्या भावाचं. भाऊ धाकटा, पण आम्ही त्याला लहानपणापासून साहेब म्हणतो. तो लिफ्टची तपासणी करतो. त्याच्या जगात लिफ्ट एक तर पास असते, नाहीतर नापास, आणि माणसांचंही त्याला तसंच वाटतं. तो बाबांना भेटायला गेला तेव्हा त्यांच्या सदऱ्याची बाही जळालेली दिसली. बाबा म्हणाले, इस्त्री करताना जळाली. बाबांनी जन्मात कधी इस्त्री हातात धरलेली नाही.

साहेब त्यांना त्याच दिवशी आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला आणि मला फोन केला. “ताई, आता बास झालं. बाबा माझ्याकडे राहतील. ते घर बंद करू.”

“घर बदलता येतं,” मी म्हटलं. “मी करून देते. न दिसणाऱ्या माणसाला डोळे झाकून वावरता येईल असं.”

“ठीक आहे. तू कर, मी तपासतो.” लगेच त्याने अटी घातल्या. त्याला जन्मजात अटी सुचतात. बाबांनी एकट्याने दारातून आत यायचं, चहा करायचा, प्यायचा, कप धुवायचा आणि पलंगावर जाऊन आडवं व्हायचं. आम्ही दोघांनी तिथेच उभं राहायचं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही की हात लावायचा नाही. कुणी मदत केली की नापास, आणि मग बाबा कायमचे त्याच्याकडे.

साहेबाने फोन स्पीकरवर ठेवला होता; त्याच्या मागून बाबांचा आवाज आला. “मला कुणी विचारलं का?”

“नाही,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

“मग चालेल,” बाबा म्हणाले.

काम चालू असताना मी दोनदा फ्लॅटवर गेले. भावजय खरंच चांगली आहे. सगळं हातात आणून देते, आणि तिथेच गोम होती. बाबांना करायला काही उरलंच नव्हतं. ते भिंतीला लावलेल्या एका खुर्चीत दिवसभर बसायचे, पायात बूट घालून. कुणी काढायला सांगितलं की म्हणायचे, राहू दे, निघायचंच आहे. माझ्या आधी बोलणारा, माझ्यापेक्षा जास्त बोलणारा माणूस, आणि मला एवढंच विचारायचा, “झालं का गं, ठेकेदार?” परत येताना गाडी चालवता चालवता मी साहेबाला मोठ्याने शिव्या घालायचे.

मग मी त्या घरात जीव ओतला. वाकडी भिंत पाडून टाकली, धडकायला नको. स्वयंपाकघराची पायरी भरून सगळी फरशी एका पातळीत आणली. ओट्याचे कोपरे गोल केले. विजेची शेगडी बसवली, भांडं उचललं की आपोआप बंद होणारी, म्हणजे बाहीचा प्रश्नच मिटला. दोन खोल्यांची एक मोठी, मोकळी खोली झाली. आणि ती खिडकी. तिच्यात मी दुहेरी काच घातली, कडेने रबराची पट्टी बसवली. वाळू बंद, खारा वारा बंद, आवाज बंद. बाहेर लाटा फुटतायत आणि आत टाचणी पडली तर ऐकू येईल. आई असती तर तिने माझी दृष्ट काढली असती.

ठरलेल्या दिवशी संध्याकाळी साहेब आला. बाबांना गाडीत बसवून आधी एकटाच आत आला, हात पाठीमागे बांधून. ओट्यावरून बोट फिरवलं. शेगडी चालू करून भांडं उचलून पाहिलं. काही बोलला नाही, म्हणजे आवडलं होतं.

खिडकीपाशी मला राहवलं नाही. “ओढ,” मी म्हटलं. “कडी न उघडता ओढ. अजून जोर लाव.” त्याने दोन्ही हातांनी ओढलं, चेहरा लालबुंद झाला, खिडकी हलली नाही. “वादळ आलं तरी ही कडी उघडायची नाही,” मी म्हटलं.

“पक्की आहे,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं आलं म्हणजे मला पदक मिळालं.

मग तो मागच्या दाराशी गेला, समुद्राच्या उलट बाजूच्या. दार सताड उघडं होतं आणि बाहेर पायऱ्या थेट खाली दगडांवर उतरत होत्या. “कठडा कुठे आहे?”

“वेल्डरने दगा दिला. परवा बसवतोय.”

“मग दार लाव.”

“रंग ओला आहे. लावलं तर चौकटीला चिकटेल. आणि बाबा मागे जातील कशाला? पलंग त्या टोकाला आहे.”

त्याने थोडा विचार केला. “तू इथे दारात उभी राहा. मी खिडकीपाशी थांबतो. पडायला लागले तर धर. पण धरलंस की नापास.”

मी मान डोलावली. तो जाऊन बाबांना घेऊन आला, पुढच्या दाराशी सोडलं आणि मुकाट्याने खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

बाबांनी चौकटीवर हात ठेवला. ती तेवढी मी जुनीच ठेवली होती. तिच्यावर हात फिरवून ते जरा हसले. “रंगाचा वास येतोय, ठेकेदार,” ते म्हणाले. मी उत्तर दिलं नाही. ते आत आले, दार ओढून घेतलं. बूट काढले नाहीत. मला ते खटकलं.

पुढचं दार स्वयंपाकघरातच उघडतं; भिंतीला हात लावत लावत ते बरोबर ओट्यापाशी पोचले. पातेलं सापडलं, नळ सापडला. शेगडीने पीं केलं तसे दचकले. “ही शिट्टी काय मारते?” स्वतःशीच पुटपुटले, पण पातेलं तिच्यावर बरोबर बसवलं. कपाच्या काठावर बोट धरून चहा ओतला. एक थेंब सांडला नाही. उभ्या उभ्या प्यायले, कप धुतला, पालथा घातला. मी साहेबाकडे पाहून भुवया उडवल्या. त्याने तोंड फिरवलं. माझ्या जिवात जीव आला होता. आता फक्त पलंग राहिला होता, आणि मधे अडखळायला काही म्हणजे काही नव्हतं.

बाबांनी ओटा सोडला. पायरीच्या जागी आल्यावर पाय उचलला, आणि पाय सपाट फरशीवर जोरात आपटला. ते डगमगले. सावरून त्यांनी वाकड्या भिंतीसाठी हात पुढे केला. हाताला काहीच लागलं नाही. आणखी पुढे आले, तरी काही नाही. खोलीच्या मधोमध ते थांबले.

त्यांनी मान कलती केली. मागच्या दारातून लाटांची नुसती दबकी घरघर येत होती, कुठूनही आल्यासारखी. बराच वेळ ते तसेच उभे होते. मला आधी कळेना की ते कशाची वाट बघतायत, आणि मग कळलं.

आम्ही लहान असताना दिवे गेले की मी भोकाड पसरायचे. बाबा अंधारातूनच विचारायचे, “समुद्र कुठे आहे?” आम्ही आवाजाकडे तोंड करायचो. “हं. आता उजव्या हाताला पलंग, पलंगावर आई. चला.” त्या घरात हरवायचं म्हटलं तरी हरवता येत नसे. बाबांनी नजर गेल्यावरही तेच केलं असणार, त्याचा वेगळा विचारही न करता. आणि मी वाळू, वारा आणि आवाज बंद करून वर पदक मिरवत होते.

“घर आपलंच आहे ना हे?” बाबा म्हणाले. आवाज इतका बारीक होता की तो त्यांचा वाटेना.

कुणी उत्तर द्यायचं नाही असं ठरलं होतं. कुणी दिलं नाही. ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न करतील असं मला वाटलं, पण त्यांचे ओठ थरथरत होते. दोन्ही हात समोर धरून ते जागच्या जागी वळले. एकदा, परत एकदा, आणि आता तर उरलासुरला अंदाजही गेला. मग त्यांच्या चेहऱ्यावर वाऱ्याची झुळूक आली, माझ्या मागच्या उघड्या दारातून. घरात वारा येणारी दुसरी जागाच मी ठेवली नव्हती.

“खिडकी,” ते म्हणाले. चेहरा उजळला आणि ते सरळ माझ्या दिशेने चालायला लागले.

 ते भरभर येत होते, सापडलं म्हणून, खिडकीच्या कठड्याला हात लावायच्या घाईत. मी दाराच्या एका बाजूला, ते मधोमध. माझा हात वर झाला. धरलं की ती खुर्ची, ते बूट, तो दिवसभराचा गप्पपणा मरेपर्यंत. नाही धरलं तर खाली दगड. मी धरणारच होते, त्यात प्रश्न नव्हता. फक्त आणखी एक पाऊल, आणखी एक, असं करत मी थांबले होते. त्यांच्या बुटाचं टोक उंबऱ्यापाशी आलं. माझी बोटं त्यांच्या बाहीपासून वीतभर अंतरावर होती.

तेवढ्यात खट्ट आवाज झाला आणि समुद्र घरात आला. लाटा, वारा, सगळंच.

बाबांनी पाय मागे घेतला. कुणी नावाने हाक मारावी तशी त्यांनी मान वळवली. “हां,” ते म्हणाले. मग पाठ फिरवून ते खोलीतून असे चालत गेले की जणू कालच इथून उठले होते. खिडकीच्या कठड्याला हात लावला, उजवीकडे वळले, पलंग चाचपला आणि बुटांसकट आडवे झाले.

मी दाराला टेकले. ओला रंग पाठीला लागला तरी टेकूनच राहिले. साहेब खिडकीपासून दोन पावलं लांब उभा होता, हात पाठीमागे बांधून, छताकडे बघत.

“खिडकी कोणी उघडली?” बाबांनी विचारलं.

लहानपणी काही फुटलं की ते अगदी याच सुरात विचारायचे.

“याने,” मी म्हणाले.

“हिने,” साहेब म्हणाला.

दोघांच्या तोंडून एकदमच निघालं. माझा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून आला होता, त्यामुळे बाबांना काही शोधत बसायची गरज नव्हती. 

“मी घाबरलो होतो रे,” ते मग म्हणाले. “या घरात मला कधी भीती वाटली नव्हती.”

साहेबाने खाली पाहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

“वाऱ्याने उघडली असेल खिडकी,” बाबा म्हणाले.

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. ज्याने आयुष्यात कुठल्या लिफ्टला दयेवर पास केलं नाही, तो माणूस. नाक ओढून त्याने घसा खाकरला. “वाऱ्यानेच,” तो म्हणाला. “कडी कच्ची आहे. कसली कडी लावलीस गं ताई? फुंकर मारली तरी उघडते.”

तासाभरापूर्वी ती कडी ओढता ओढता याचं तोंड लाल झालं होतं. जिभेच्या टोकावर आलेलं सगळं मी गिळलं.

“हो,” मी म्हटलं. “कच्चीच आहे.”

“मग तशीच राहू दे,” बाबा म्हणाले आणि पडल्या पडल्या पायातले बूट काढायला लागले.