बिनट्यूबची चाकं

"ट्यूब कुठंय?" सासरेबुवांनी खुर्चीतूनच विचारलं.

"नसते, बाबा."

"नसते म्हणजे? बाई द्यायची विसरली असेल."

"विसरली नाही. ह्या टायरांना ट्यूबच नसते."

सासरेबुवांनी वर्तमानपत्राची घडी घातली. प्रसंग गंभीर असला की ते आधी घडी घालत.

"मग हवा कशात राहते?"

"टायरमध्येच."

"कुणाच्या भरवशावर?"

ह्या प्रश्नाला सायकलच्या धंद्यात उत्तर नव्हतं. जावयाने मान खाली घातली आणि रिमवरून स्पिरिटचा बोळा फिरवायला घेतला.

त्याला सगळी गल्ली जावई म्हणत असे. पंक्चर काढायला आलेलं शाळकरी पोरही "जावई, लवकर करा ना" म्हणे. ह्या दुकानात तो आला होता मिस्त्री म्हणून. मग मालकांच्या मुलीशी लग्न झालं, दुकानाच्या वरच्या खोल्यांत संसार मांडला गेला, आणि मिस्त्री जो गेला तो गेलाच. दुकानात कुणी त्याचा अपमान केला असता तर तो केव्हाच बाहेर पडला असता. पण सासरेबुवांनी ती सोय ठेवली नव्हती. पहिला चहा जावयाला. पंख्याखालची जागा जावयाला. जड गाडी उचलायची वेळ आली की "तुम्ही राहू द्या, जावईबापू" म्हणत म्हातारा स्वतः कंबर कसणार. नवीन काही करून बघू म्हटलं, तर नाही असं कधीच म्हणायचे नाहीत. "करू की, घाई काय आहे," म्हणायचे. ह्या घाई नसण्यात जावयाच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते.

आणि आता कोचबाई आल्या होत्या. गावाबाहेरच्या डोंगरावर जाड टायरांच्या सायकली घेऊन काही लोक दगडधोंड्यांतून स्वतःला खाली लोटून देत, आणि खाली पोचल्यावर हाडं मोजून पुन्हा वर जात. त्यांना शिकवणाऱ्या ह्या बाई. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं मोठं वर्कशॉप होतं आणि तिथला कारागीर सोडून गेला होता. सकाळी त्यांनी दोन चाकं आणि टेप, व्हॉल्व्ह, सीलंट असलेली एक पिशवी ठेवली.

"मिस्त्री, ही दोन्ही ट्यूबलेस करून ठेवा. ट्यूब असली की दगडावर आपटून रिममध्ये चिमटते आणि फाटते. संध्याकाळी येते. हवा धरून राहिली, तर सोमवारपासून माझ्याकडे या."

मिस्त्री! जावयाने मागे वळून पाहिलं होतं, कुणाला हाक मारली म्हणून.

बायकोला त्याने लगेच वर जाऊन सांगितलं. ती कणीक मळत होती. तिने एकच विचारलं, "त्या वर्कशॉपच्या वर खोल्या आहेत का?"

"नाहीत. इथून लांब राहायला जावं लागेल."

"मग हो म्हणा. आणि बाबांना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ते रडतील. तुमच्यासमोर लाजतील जरा."

"चाकं झाली की सांगतो."

"अहो, चाकं व्हायच्या आधी सांगा."

"झाली की," तो म्हणाला. घाई काय आहे, हे शब्द त्याने कसेबसे गिळले.

रिम पुसून झाली. जावयाने आतून टेप फिरवली, इतकी ताणून की आऱ्यांच्या भोकांवर ती ढोलाच्या कातड्यासारखी बसली. भोक पाडून व्हॉल्व्ह बसवला, टायर चढवला, दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावलं. व्हॉल्व्हमधली सुई काढून कॉम्प्रेसरची नळी लावली. हवा एका झटक्यात जायला हवी होती. हळूहळू भरली तर ती कडेने पळून जाते.

फाट्! आणि पाठोपाठ, फाट्!

सासरेबुवा खुर्चीतून उडाले. "काय फुटलं?"

"फुटलं नाही. टायरच्या कडा रिममध्ये बसल्या."

"बसताना एवढा आवाज?"

"इथं आवाज झाला म्हणजे बरं, बाबा."

"आमच्या वेळी आवाज झाला की गिऱ्हाईक पळून जायचं," म्हातारा पुटपुटला. पण उठून त्यांनी जावयाला पाण्याचा ग्लास आणून दिला. दमला असाल म्हणाले.

जावयाने हवा सोडली, व्हॉल्व्हमधून दुधासारखं पांढरं सीलंट आत ओतलं, सुई लावली, पुन्हा हवा भरली. दोन्ही हातांत धरून चाक सुपासारखं पाखडलं, म्हणजे सीलंट आतून सगळीकडे पोचावं. दुसऱ्या चाकाचंही तसंच. टायरला बारीक छिद्रं असतात. तिथून पांढरे थेंब बाहेर येतात, वाळतात आणि छिद्र बुजतं. मग चाकं आडवी ठेवायची, जरा वेळाने उलटायची. त्याने ती दोन बादल्यांवर आडवी ठेवली आणि बोटाने दाबून पाहिली. दगडासारखी लागली. आता बोलायचं. त्याने हात पुसले.

"बाबा..."

"आधी जेवून या," सासरेबुवा म्हणाले. "आणि जेवल्यावर जरा पडा. डोळे किती ओढलेत तुमचे. मी आहे इथं."

तो जेवला, आणि पडला. बायको कपाटाच्या वरची बॅग काढून तिच्यावरची धूळ झटकत होती. तो झटकण्याचा आवाज ऐकता ऐकता त्याचा डोळा लागला. फार दिवसांनी एखाद्याला लागावा तसा लागला.

जाग आली ती खालच्या बोलण्याने. कोचबाई आल्या होत्या. तो धडपडत खाली उतरला.

सासरेबुवा जमिनीवर फतकल मारून बसले होते. हात कोपरापर्यंत काळे, कपाळावर घाम. बाजूला टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या पडलेल्या. त्या पट्ट्यांनी रिमवरच्या टेपची लक्तरं केली होती, आणि ती लक्तरं म्हाताऱ्याने नीट गोळा करून कोपऱ्यात ठेवली होती. गटारीच्या तोंडाशी सगळं पांढरं पांढरं दिसत होतं. दोन्ही चाकं भिंतीला टेकून उभी होती, टुमटुमीत, आणि दोन्हींत दुकानातल्या सगळ्यात भारी ट्यूबा.

कोचबाई चाकापाशी वाकल्या. व्हॉल्व्ह पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे काय? ट्यूब घातली?"

"गळत होतं ना हो," सासरेबुवा म्हणाले. आवाजात अभिमान मावत नव्हता. "टायरवर जागोजाग पांढरे थेंब! हवा आज नाही तर उद्या जाणारच होती. उगाच तुमच्या पोरांचा जीव धोक्यात. पण आमच्या जावईबापूंनी वेळेवर ओळखलं. म्हणाले, बाबा, गिऱ्हाईक आलं आणि चाक बसलेलं दिसलं तर दुकानाची काय शोभा? ताबडतोब ट्यूब घातली त्यांनी. मी आपला पट्ट्या हातात द्यायला होतो."

कोचबाईंनी म्हाताऱ्याच्या हातांकडे पाहिलं नाही. जावयाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर उशीची घडी उमटलेली होती, तीही त्यांना दिसली नसावी.

"थेंब येणारच," त्या म्हणाल्या. "थेंब आले म्हणजे काम चाललंय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

जावयाने सासरेबुवांकडे पाहिलं. म्हातारा त्याच्याकडे बघून हळूच मान हलवत होता. सांभाळून घेतलंय, घाबरू नका, अशा अर्थाने. आयुष्यात कुणी त्याच्याकडे इतक्या मायेने पाहिलेलं त्याला आठवेना.

"तुम्ही घातली ट्यूब?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"हो," जावई म्हणाला. "मीच."

बाईंनी चाकं गाडीत टाकली, बरं म्हणाल्या, आणि गेल्या. चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत.

"साधी बाई आहे," सासरेबुवा म्हणाले. "तिला काय कळणार! पण तुमचं नाव राखलं की नाही?"

"राखलंत, बाबा."

"मघाशी तुम्ही काही बोलणार होतात."

"काही नाही."

"बरं, मग हात द्या. पाय आखडलेत. किती वर्षांनी खाली बसलो असेन."

जावयाने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. म्हातारा उभा राहिला, पण पाऊल टाकवेना. सगळा भार जावयाच्या खांद्यावर आला. "वर घेऊन चला, जरा पाठ टेकतो," ते म्हणाले. दोघं जिन्यापाशी आले, एक पायरी चढले, दुसरी चढले. आवाज ऐकून बायको वरून खाली उतरली. तिने आधी नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग काहीही न विचारता वडिलांचा दुसरा हात आपल्या गळ्यात घेतला.

जिना एका माणसापुरता होता. मधल्या वळणावर तिघंही अडकले. तिची पाठ एका भिंतीला, त्याची दुसऱ्या भिंतीला आणि मध्ये म्हातारा, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, समाधानाने धापा टाकत. कुणीतरी एकाने सोडून मागे सरायला हवं होतं.

"तुम्ही सरा," ती म्हणाली.

"तू सर," तो म्हणाला.

"घाई काय आहे," सासरेबुवा म्हणाले, आणि तिघं तिथेच उभे राहिले.