नवरदेवाच्या सुटाखालची विजार

मी विजार बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, मी दिसणार नाही. दिसले तर नवरदेवाची अब्रू गेली म्हणून समजा. लग्नाच्या फोटोत सूट असतो, बूट असतात, खिशाला फूलसुद्धा असतं. पण जिच्यामुळे नवरदेव सरळ उभा राहतो, तिचा फोटो आजवर कुणी काढलेला नाही. काढूही नये म्हणा.

मी मेंढीच्या अंगावरून निघाले, गिरणीत पिंजली गेले, विणली गेले आणि शेवटी अशा करड्या रंगात बुडवली गेले, की बघणाऱ्याला उगाच आजारी वाटावं. दुकानात मला ‘थर्मल’ म्हणायचे. खोक्यावर एक पिळदार तरुण मला घालून हसत उभा होता. तो का हसत होता, देव जाणे. मला घालून कुणी हसत नाही. लोक मला घालतात आणि गप्प बसतात.

मला घेतलं नवरदेवाच्या आत्याने. “थर्मलबिर्मल मला सांगू नका. विजारच ना ही? जाड आहे ना? मग बांधा,” असं म्हणून तिने दुकानदाराला, त्याने विचारलंही नसताना, घरची सगळी कहाणी ऐकवली. माणसांना ही खोडच असते. तीच कहाणी तुम्हाला सांगते.

आमचे नवरदेव चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात. खोली बंद, हीटर चालू. थंडी म्हणजे काय, हे त्यांना फक्त बातम्यांतून ठाऊक. नवरीचे वडील मात्र जन्मभर रेल्वेचे रूळ तपासत पायी हिंडलेले, थंडीवारा अंगावर घेतलेले. आता कंबर गेली, चाकाच्या खुर्चीत बसले, पण जिभेला काही झालेलं नाही.

पहिल्या भेटीला नवरदेव पातळ सदरा घालून गेले. रुबाब दाखवायचा होता ना! म्हाताऱ्याची बैठक अंगणात, वर कडाक्याची थंडी, आणि हे लटलट कापतायत. चहा कपातून बशीत, बशीतून मांडीवर. तेव्हा म्हातारा बायकोला म्हणाला, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, “अगं, हा एक तर उपाशी आहे, नाहीतर खोटं बोलतोय.” आणि मुलीला म्हणाला, “ज्याला थंडीत धड उभं राहता येत नाही, तो तुझ्या पाठीशी काय उभा राहणार?”

मुलगी बापावरच गेलेली. “लग्न याच्याशीच करणार आणि इथेच अंगणात करणार,” म्हणाली. हॉलला जिने होते आणि ‘मला पोत्यासारखं उचलून नेणार असाल तर मी येत नाही’ असं बापाने बजावलं होतं. थंडी सरली की तिची दुसऱ्या शहरात बदली व्हायची, त्यामुळे थांबायचीही सोय नव्हती. बापाने लग्नाला नाही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून तो नवरदेवाशी बोलेनासा झाला. पोरगा समोर बसलेला असायचा आणि हा बायकोला सांगायचा, “त्यांना विचार, साखर हवी का.”

आता सांगा, बिचाऱ्याचा जीव कशात अडकला असेल? काहीही होवो, सासऱ्यांसमोर कापायचं नाही, एवढं एकच त्याने मनाशी धरलं.

सल्ला द्यायला मित्र होताच. त्याला सगळे पैलवान म्हणतात. वारा सुटला की हा पैलवान खांब धरून चालतो. तो म्हणाला, “शरीराला सवय लाव. रोज सकाळी गच्चीत बनियनवर उभा राहा.” नवरदेव उभे राहिले. शेजाऱ्यांची फुकटात करमणूक झाली आणि यांना असं पडसं झालं, की डोळे तपासायला आलेली गिऱ्हाइकंच यांच्या डोळ्यांकडे काळजीने बघायला लागली.

मग आत्या कडाडली. “अक्कल गहाण टाकलीस का रे? थंडीशी कुस्ती खेळायची नसते, आत विजार घालायची असते!”

“आत्या, मी जाड दिसेन गं सुटात.”

“दिस की! आजवर काय बारीक दिसत होतास?”

अशी मी घरात आले. नवरदेवाचे गुडघे नवरीच्या आधी मी पाहिले. त्याबद्दल मी तोंड उघडणार नाही.

मापं घेणारे शिंपी मास्तर म्हणजे जुनं खोड. त्यांचा नियमच होता, जे घालून उभे राहणार तेच घालून माप द्यायला या. नवरदेव मला घालून गेले आणि पोट आत ओढून उभे राहिले. मास्तर टेप हातात धरून शांतपणे म्हणाले, “सोडा श्वास. मला घाई नाही.” शेवटी तो सुटला, पोटही सुटलं आणि पँट माझ्यासकट अगदी बेतून शिवली गेली.

पुढे रोज आरशासमोर तालीम. मी आत, बूट पायात आणि तोंडाने, “मी तुझ्या पाठीशी उभा राहीन.” चारचौघांत नवरीला हाच शब्द द्यायचा होता. मला तो पाठ झाला, पण याचा विश्वास बसेना. वाक्य संपलं की खाली वाकून गुडघ्यांकडे बघायचा. अरे, मी आहे ना!

लग्नाच्या सकाळी असा बोचरा वारा सुटला, की पाहुणे एकमेकांना भेटायच्या निमित्ताने मिठ्या मारून सोडेचनात. आमचे नवरदेव मात्र ताठ. मी फुशारून गेले होते. अंगणात जाण्याआधी ते सासऱ्यांच्या पाया पडायला आतल्या खोलीत गेले.

तिथे सासूबाई नवऱ्याच्या मांडीवर ब्लँकेट टाकत होत्या आणि तो ते भिरकावत होता. “लेकीच्या लग्नात मी आजाऱ्यासारखा गुंडाळून बसू? जमणार नाही!”

आणि तेव्हा आम्हाला दिसलं. म्हाताऱ्याचे पाय कापत होते. दोन्ही हातांनी त्याने गुडघे दाबून धरले होते, तरी थांबत नव्हते. त्याने वर पाहिलं, नवरदेवाने पाहिलं. म्हाताऱ्याने मान फिरवली. इतका लाजलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नवरदेव म्हणाले, “आई, जरा बाहेर थांबता?” दार लावलं, बूट काढले आणि पँटच्या पट्ट्याला हात घातला.

“अरे, हे काय चालवलंयस?” म्हातारा ओरडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ त्याच्याशी बोलला. “लग्न तुझं माझ्या मुलीशी आहे!”

“पाय उचला,” नवरदेव म्हणाले.

“मला नको तुझी विजार!”

“कुणाला दिसत नाही ती. म्हणूनच आणलीय. उचला पाय.”

खरं सांगते, मला राग आला होता. एवढी तालीम, एवढी मापं आणि ऐनवेळी मला काढतोस? पण ते बर्फासारखे पाय माझ्यात आले आणि हळूहळू कापायचे थांबले. नवरदेवाने खाली बसून म्हाताऱ्याचे मोजेसुद्धा नीट वर ओढले. मग माझा राग कुठे गेला, मलाच कळलं नाही.

बाहेर नवरदेवाची जी फजिती झाली ती विचारू नका. माझ्या मापाची पँट माझ्याविना खाली घसरायला लागली. अख्खं लग्न त्याने एका हाताने कंबर धरून काढलं. फोटोवाल्याला वाटलं, काय ऐटीत उभा आहे! शब्द द्यायची वेळ आली आणि दात वाजायला लागले. “मी तु-तु-तुझ्या पा-पाठीशी…” मागून कुणीतरी खिदळलं, “घाबरला, घाबरला!”

“घाबरलेला नाही तो!” खुर्चीतून म्हातारा असा गरजला, की खिदळणारा पुढच्या पाहुण्याच्या आड झाला. “थंडी वाजतेय त्याला. तुम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून आलात, तुम्हाला काय कळणार? बोल रे तू. सावकाश बोल.”

आणि तो बोलला. कापत कापत, पण शेवटपर्यंत.

तेव्हापासून मी म्हाताऱ्याकडे आहे. गुडघ्यावर विरले आहे, नाडी दोनदा बदलली. मला धुवायला टाकलं तर वाळेपर्यंत तो दोरीवर नजर ठेवून बसतो. थंडीत बोहल्यावर चढणाऱ्या तमाम नवरदेवांना माझं एकच सांगणं आहे: सुटाचा रंग, बुटांची चमक, केसांचा भांग सगळं करा, पण आत एक विजार घाला. आणि कुणाचे पाय आपल्यापेक्षा जास्त कापतायत, तेही बघत चला.

परवा लेक-जावई सुट्टीला आले होते. बाहेर तसाच वारा. जावई चेष्टेने म्हणाला, “बाबा, आता तरी माझी विजार परत द्या की!”

“कसली तुझी?” म्हाताऱ्याने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. “माझ्या जावयाने दिलीय ती मला.”