घराचं निळं पुस्तक

वकीलबाईंनी पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"काका, हे तुम्ही बांधलंत?"

"मीच," बाइंडर म्हणाला आणि कौतुक झेलायला ताठ बसला.

बसणारच. मोठ्या ग्रंथालयाच्या बांधणीच्या खोलीत त्याने छत्तीस वर्षं काढली होती, येत्या शुक्रवारी तो निवृत्त होणार होता, आणि एवढ्या वर्षांत स्वतःच्या घरासाठी बांधलेलं पुस्तक हे एकच. निळं कापड, कोपऱ्यांना कातडं, वर सोनेरी अक्षरांत एकच शब्द: घर. आत घराचं खरेदीखत, विम्याचे कागद, नेमणुकीचं पत्र, फंडाचे कागद, जन्मदाखले, लेकीच्या लसींचं कार्ड. सगळे मूळ कागद, ओळीने लावून पक्के शिवलेले. सुटा कागद हा हरवण्यासाठीच जन्माला येतो, असं त्याचं ठाम मत होतं.

"सुरेख आहे," वकीलबाई म्हणाल्या. "आता उसवा."

बाइंडरच्या बायकोला हसू आलं. ते तिने पदराआड खोकल्यात लपवलं.

"खरेदीखतावरच्या सह्या शिवणीत गेल्यात," वकीलबाई समजावू लागल्या. "घराला काकूंचं नाव लावायचं तर कागद सपाट उघडायला हवा. मृत्युपत्र मी लिहून देते. दोन साक्षीदार आणा, पण ज्यांना त्यातलं काही मिळणार आहे ते चालणार नाहीत. आणि हे काय, फंडाला नॉमिनी कोण लावलंय?"

"आई."

"त्या कुठे असतात?"

उत्तर बायकोनेच दिलं. "चौदा वर्षं झाली त्यांना जाऊन. फॉर्म लग्नाआधीचा आहे. नंतर बदलायचं यांच्या डोक्यातच आलं नाही."

"म्हणजे उद्या काकांचं काही बरंवाईट झालं, तर ऑफिस त्यांना शोधत बसेल आणि तुम्ही खेटे घालाल. शुक्रवारच्या आत बदला."

घरी परतताना बायको अर्ध्या रस्त्यात थांबली. मग म्हणाली, "चौतीस वर्षं संसार केला, पण कागदावर अजून सासूबाईच."

"अगं, राहून गेलं."

"राहू दे. आता उसवणार कधी? लोकांची पुस्तकं रोज उसवता, आपल्याच पुस्तकाला काय सोनं लागलंय?"

"लागलंय की. अक्षरं बघ."

एरवी ती यावर हसली असती.

मंगळवारी सुरीला धार नव्हती. बुधवारी बाइंडरचा हात दुखत होता. बुधवारी संध्याकाळी बायकोने भाजी चिरता चिरता, मान वर न करता विषय काढला. "शेजारच्या शिंपीणबाई आजही कागदांची पिशवी घेऊन नवऱ्याच्या ऑफिसात गेल्या होत्या. तो जाऊन दोन वर्षं झाली. दर वेळी नवीन दाखला मागतात. मला तसं रांगेत उभं राहायचं नाही हो."

बाइंडरने पुस्तक मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाला, "ती शिवण आईची आहे."

हे तिला ठाऊक नव्हतं. पुस्तक बांधलं तेव्हा ती सहा वर्षांच्या लेकीला घेऊन सुट्टीला माहेरी होती. घर नवं, भिंतींना चुन्याचा वास, सामान म्हणजे एक टेबल आणि दोन खुर्च्या. आईने हट्टच धरला होता: घराचं पुस्तक आहे ना, मग मी शिवणार. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ती दोरा मेणबत्तीवर ओढायची, सुई उजेडाकडे धरून ओवायची, आणि प्रत्येक टाक्याला विचारायची, "बरा आलाय का रे?" तो म्हणायचा, "ओढ अजून." शेवटचे दोन टाके राहिले तेव्हा तो खळ शिजवायला स्वयंपाकघरात गेला. परत आला तोवर तिने गाठ मारून दोरा तोडलासुद्धा होता. गाठ न बघताच त्याने पाठीला खळ लावली, कागद चढवला, कापड चढवलं. बावीस वर्षांत त्या पाठीच्या आत कोणी बघितलं नाही.

"दोरा कापला तर तिच्या हातचं काय उरलं?" तो म्हणाला.

बायकोने सुरी खाली ठेवली. "उद्या मी येते तुमच्याबरोबर," एवढंच म्हणाली.

गुरुवारी दुपारी बांधणीच्या खोलीत दोघंच होती. दाबयंत्र, पुठ्ठ्यांची चळत, भिंतीवर लावलेले टोचे. बाइंडरने ओल्या कापसाने कापड भिजवलं, सोलून काढलं, पाठीवरची जुनी खळ हलकेच खरवडली. त्या आंबूस वासाबरोबर चुन्याचा वासही आल्यासारखा वाटला. टाके दिसू लागले, थोडे वाकडे, एकीकडे ढिले. त्याने कात्री उघडली आणि तशीच धरून राहिला.

"काय झालं?"

"ही निरगाठ नाहीये. सुरगाठ आहे." त्याचा विश्वास बसेना. "बाइंडर कधी सुरगाठ मारत नाही. मी बघितली असती तर तिथल्या तिथे बदलली असती."

"त्या कुठे बाइंडर होत्या?" बायको म्हणाली. "घर चालवणारी बाई. पिशवीचं तोंड बांधताना ते परत उघडायचंय हे डोक्यात असतंच."

त्याने टोक चिमटीत धरून ओढलं. गाठ सुटली. मेणामुळे दोरा कुठेच अडकला नाही. एकेका टाक्यातून सरकत तो अखंड बाहेर आला, आणि बावीस वर्षं शिवलेले कागद टेबलावर सुटे झाले. लेकीच्या लसींचं कार्ड बायकोने उचललं आणि वजनाचे आकडे वाचत बसली. खरेदीखतावरच्या सह्या आता स्वच्छ दिसत होत्या.

निळ्या कव्हरची त्याने पेटी केली. झाकणाला दोन भोकं पाडून आईचाच दोरा ओवला आणि सुरगाठ मारली. बायकोने ती तीन वेळा ओढून बघितली, तिन्ही वेळा सुटली.

साक्षीला शिंपीणबाई आनंदाने तयार झाल्या, दुसरे ग्रंथपाल.

शुक्रवारी ऑफिसातल्या कारकुनाने नवा फॉर्म घेतला, बायकोचं नाव वाचलं, नातं तपासलं आणि जुन्या नोंदीवर फुली मारायला लाल पेन उचललं. बाइंडरने खिशातून आपली लोखंडी पट्टी काढली आणि त्याच्यापुढे सरकवली.

"फुली नको, रेघ मारा," तो म्हणाला. "आणि सरळ येऊ द्या. आईचं नाव आहे."