माजलेला पाला

तीन ट्रे, प्रत्येकात रेशमाच्या शंभर अळ्या. टोपलीत पाला चारशे ग्रॅम, प्रयोगाच्या झाडांवर अजून किलोभर निघाला असता. कोश विणायला दोन-तीन दिवस बाकी होते, आणि एवढ्या पाल्यावर तीनशेतल्या जेमतेम निम्म्या पोसल्या असत्या.

"अय्यो, परत संपवलं की हो!" अळ्या सांभाळणाऱ्या कुसुमबाई ट्रेवर वाकून म्हणाल्या. "आत्ता तर घातलं होतं. पोटं हायत का विहिरी?"

ट्रेमध्ये पानांच्या शिरा तेवढ्या उरल्या होत्या. बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या माना वर करून हवेत काहीतरी शोधत होत्या. शेजारच्या रॅकवरचे तीन ट्रे मात्र निवांत चरत होते. त्यांचा पाला साध्या हवेतला होता आणि तो भरपूर होता.

मृदुला साताऱ्याहून म्हैसूरजवळच्या या रेशीम केंद्रात आली त्याला सहा वर्षं झाली होती. दर मार्चमध्ये तिचा करार संपायचा, एप्रिलमध्ये नवा व्हायचा. यंदा नव्याबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं. तिचं सगळं काम एका प्रश्नाभोवती फिरत होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत चालला आहे. काही दशकांनी तो जेवढा असेल तेवढा असलेल्या हवेत तुती वाढवली, तर तिच्या पाल्यावर रेशीम किती निघेल? त्यासाठी वरून उघड्या, प्लॅस्टिकच्या भिंतींच्या खोल्यांत झाडं लावून तिने सिलिंडरमधून गॅस सोडला होता. झाडं माजली. एकेक पान तळहात झाकून टाकेल एवढं झालं. बघायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "मग चांगलंच की!" पण दुधात पाणी घालावं तसं त्या पानातलं प्रथिन पातळ झालं होतं. पोट भरायला अळीला जास्त खावं लागत होतं. जास्त खातील हे मृदुलाला माहीत होतं. किती जास्त, तेच तर शोधायचं होतं. तिने वाढीव पाला धरला होता, तो कमी पडला.

मागची बॅच रोगाने गेली होती. गॅसचं कंत्राट संपलं होतं आणि खोल्या पुढच्या आठवड्यात उतरवणार होते. यानंतर बॅच नव्हती.

तिने बंगळूरला प्रकल्पप्रमुख अनुराग सरांना फोन लावला.

"अगं, बाहेरचा पाला घाल ना शेवटचे दोन दिवस. अहवालात तळटीप टाकू."

"सर, रेशीम बनतं ते याच दोन दिवसांत."

"मग सोड ही बॅच. पुढच्या प्रोजेक्टमध्ये बघू."

"पुढचा प्रोजेक्ट आहे, सर?"

पलीकडे कुणीतरी चहाचं विचारत होतं. "मी करतो तुला नंतर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मृदुला आत आली. "अक्का, प्रत्येक ट्रेमधून पन्नास बाहेर काढू या. उरलेल्यांना पुरेल."

"आणि काढलेल्या?"

"त्या आपल्या मोजणीत नाहीत आता. मी खोल्यांतला उरलेला पाला तोडून आणते."

कुठल्या पन्नास, हे ती बोलली नाही. आंधळेपणाने, हाताला येतील त्या काढायच्या, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की ते सांगायचं असतं हेच तिला सुचलं नाही.

पाला घेऊन ती परतली तेव्हा पहिला ट्रे स्वच्छ झाला होता. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या आपल्या मराठी शिंपी कुटुंबाच्या घरातून रोज बसने येऊन कुसुमबाईंनी आयुष्यभर हेच केलं होतं: दुबळ्या अळ्या वेचून ट्रे साफ ठेवायचे.

"बघा, मरतुकड्या सगळ्या काढल्या. आता कसा दिसतोय ट्रे!"

"काढलेल्या कुठायत?"

कुसुमबाईंनी हनुवटीने बादली दाखवली. "चुन्यात. दुबळ्या ठेवल्या तर रोग पसरतो. मागच्या वेळेस तुम्हीच ओरडला होता, अल्वा? खरं ना?"

ओरडली होती. मृदुलाने चुन्याच्या पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. मुठीत आल्या त्या सगळ्या लुळ्या होत्या. तिने पुन्हा हात घातला.

"साकु, साकु! पुरे! हात भाजंल, मॅडम!" कुसुमबाईंनी तिचा दंड धरून मागे ओढलं.

"अक्का, दुबळ्याच हव्या होत्या मला. या पाल्यावर किती जणी दुबळ्या होतात, तेच बघायचं होतं. आता या ट्रेमध्ये नुसते पैलवान उरले."

कुसुमबाई स्टुलावर बसल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "कुणाला कळतंय? मी तर सांगत न्हाई."

ट्रे खरंच देखणा दिसत होता. मृदुला त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मार्कर घेऊन त्याच्या पट्टीवर 'बाद' लिहिलं. लिहिताना तिच्या डोक्यात आपोआप हिशेब झाला: या ट्रेचा पाला वाचला, म्हणजे बाकीच्या दोहोंत पन्नासऐवजी सत्तर ठेवता येतील. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"मग ह्यांना तरी जेवू घालू पोटभर?" कुसुमबाईंनी विचारलं.

"घाला."

त्यांनी बाहेरच्या शेतातला पाला कवेत भरून आणला. हात धुऊन मृदुलाने डोळे मिटले आणि उरलेल्या दोन ट्रेंतून तीस-तीस अळ्या उचलल्या. गर्दी सारखी राहावी म्हणून साध्या हवेच्या तिन्ही ट्रेंतूनही तेवढ्याच काढल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी गॅसच्या खोल्यांतला पाला संपला. बहुतेक अळ्या तोवर पिकून पिवळसर झाल्या होत्या; कुसुमबाईंनी त्या विणण्यासाठी बांबूच्या जाळीदार चंद्रिकांवर सोडल्या. काही मात्र मागे राहिल्या. सुरकुतलेल्या अंगाने त्या ट्रेच्या काठाशी येऊन माना उंचावत होत्या. दाराशी बाहेरचा पाला ढिगाने पडला होता.

"ह्या काय आता विणत न्हाईत," कुसुमबाई म्हणाल्या. "घालू का चार पानं?"

"खाल्लं तर विणतील, अक्का."

"मग?"

"मग बाहेरच्या पाल्याचं रेशीम या पाल्याच्या नावावर मोजलं जाईल."

कुसुमबाई तिच्याकडे वळल्या. "तुम्हाला झोप कशी लागंल हो?"

दोघी बाहेर आल्यावर मृदुलाने दाराला कुलूप लावलं, किल्ली कुसुमबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "मी मागितली तरी देऊ नका." कुसुमबाईंनी ती कमरेला खोचली. बस आली आणि गेली. दोघी पायरीवर बसून राहिल्या.

कोश पक्के झाल्यावर ते ब्लेडने कापून, आतले कोशित किडे काढून मृदुलाने रेशमाची कवचं तोलली. साधी हवा, तीन ट्रे: दोनशे दहा अळ्या, दोनशे दोन कोश, कवचाचं सरासरी वजन ०.३६ ग्रॅम. वाढीव कार्बन डायऑक्साइड, दोन ट्रे: एकशे चाळीस अळ्या, एकशे सोळा कोश, कवचाचं सरासरी वजन ०.२९ ग्रॅम.