सात इंचांची कृपा

"फेक ती काठी!" गुडघेबाबा गरजले, आणि म्हाताऱ्या पोस्टमनने खरोखरच काठी भिरकावली. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मागच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर चढून पाहू लागले. गुडघे दुखतात म्हणून आलेलेही चढले, हे विशेष.

बाबांचा प्रयोग ठरलेला होता. व्यासपीठाच्या डाव्या टोकाला 'दुःखासन', उजव्या टोकाला 'कृपासन'. दोन्ही स्टुलांवर जमिनीपर्यंत लोळणारे एकसारखे पिवळे अभ्रे. दुखणाइताला दुःखासनावर बसवायचं, हात छातीशी घ्यायला लावायचे आणि म्हणायचं, "ऊठ!" त्याला काही उठवत नसे. मग गुडघ्याला झोंबरं तेल, कानात मंत्र आणि बाबांची टकळी : "वेदना ही अहंकाराची गाठ आहे, बाळा! मन वाकत नाही म्हणून गुडघा वाकतो!" याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. शेवटी कृपासन. "ऊठ!" आणि माणूस ताडकन उभा.

मी शिंपीण. पहाटेचा दिवा आणि जप वीस वर्षांत कधी चुकला नाही, त्यामुळे देवाचं नाव घेणाऱ्यावर माझा लगेच विश्वास बसे. ते अभ्रे मीच शिवले होते, सेवा म्हणून. एकाची झालर बारा इंच, दुसऱ्याची एकोणीस.

"मापं वेगळी कशी?" मी बाबांच्या शिष्याला विचारलं होतं.

"व्यासपीठ उंचसखल आहे, काकू."

मी मान डोलावली. हातात टेप असून डोळे मिटून घेतले.

आणि थोरल्या बहिणीला मीच तिथं नेलं. ताईचं इस्त्रीचं दुकान आहे. दिवसभर उभं राहून तिचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. कृपासनावरून तीही उठली, ढसाढसा रडली. बाबांनी मंतरलेलं फडकं तिच्या पायाला करकचून बांधलं. "चाळीस दिवस पलंगावरून उतरायचं नाही. गुडघा वाकवायचा नाही. कृपा सांडते."

कृपा सांडली नाही, मांडी मात्र वाळली. एकेचाळिसाव्या दिवशी ताई उठली आणि न्हाणीघरात कोसळली. मी तिला बगलेत धरून उचलत होते. ती म्हणाली, "आता रोज तूच मला उचलणार का गं? त्यापेक्षा..." पुढचं तिनं गिळलं.

मी बाबांकडे धावले. ते म्हणाले, "तुमच्या घरात श्रद्धा कमी पडली."

माझ्या घरात! मला मोठ्यानं भांडता येत नाही. घरी येऊन देवापुढे बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी वाईट मागितलं.

मग ताईला फिजिओथेरपिस्ट डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पाय हलवून, दाबून पाहिला. "मोडलेलं काही नाही. थोडी झीज आहे, या वयात पुष्कळांना असते. पण मावशी, मांडीचा स्नायू म्हणजे गुडघ्याचा हमाल. हमालाला चाळीस दिवस झोपवलंत, आता ओझं कोण उचलणार?"

"हलवलं की दुखेल हो," ताई म्हणाली.

"थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी निवलं तर चालेल, वाढलं तर व्यायाम कमी करू. पण पडून राहायचं नाही."

त्यांनी खुर्चीवर दोन जाड उशा रचल्या. "बसा. आता उठा." सकाळी पलंगावरून उठू न शकलेली ताई उभी राहिली.

"अगं बाई! हे तर बाबांसारखंच झालं!"

"जादू नाही, मावशी. बैठक जितकी उंच, तितकं उठणं सोपं. तुम्ही बळकट व्हाल तशी उशी कमी करू."

माझ्या डोळ्यांपुढे दोन झालरी आल्या. बारा. एकोणीस.

"चल, आत्ताच जाऊन त्याची फजिती करू," ताई रस्त्यातच म्हणाली.

"आधी तू बारा इंचांवरून ऊठ," मी म्हणाले. "मग जाऊ."

त्या दिवसापासून माझ्या नेमात भर पडली. जपानंतर ताईचा व्यायाम. दहा वेळा उठणं, विसावा, पुन्हा दहा. पाय सरळ ठेवून उचलणं. पायरी चढणं. ती रडली, मला कसाईण म्हणाली, एकदा उशी फेकून मारली. मी उशी जागेवर ठेवली. "सात झाल्या. तीन राहिल्या." असे चार महिने.

मग आम्ही सभेला गेलो. बाबांनी ताईला ओळखलं नाही. इतक्या गुडघ्यांमध्ये चेहरे कोण लक्षात ठेवतो?

"दुःखासनावर बस, बाळा. हात छातीशी. आता ऊठ!"

ताई उठली. तेल अजून बाटलीतच होतं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"घाई झाली," बाबा पुटपुटले. "पुन्हा बस."

ताई पुन्हा बसली, पुन्हा उठली. थांबेचना! तेवढ्यात मी व्यासपीठावर चढले, दोन्ही अभ्रे वर केले आणि टेप लावला. मी बाबांशेजारी उभी राहून हळूच बोलले, पण माइक त्यांच्या गळ्यातच होता, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "हे बारा इंच, ते एकोणीस. ही सात इंचांची कृपा. तेलानं चटका बसतो, गर्दीच्या जोशात दुखणं तासभर विसरतं. बस्स, एवढंच."

"म्हणून मला घरी उठवत नव्हतं!" पोस्टमन ओरडला. त्याच्या हातात नवी काठी होती. "आणि मी स्वतःलाच पापी समजत होतो!"

ताईनं बाबांपुढे बारा इंची स्टूल सरकवलं. "आता तुम्ही बसा, बाबा. तुमच्याकडे तर कृपेचं कोठार!"

"बसा! बसा!" सभागृह गरजलं. नाही म्हणायची सोय उरली नाही. बाबा बसले. हात छातीशी घेतले. एकदा हिसका दिला, दोनदा दिला. तोंड लालबुंद झालं. वर्षानुवर्षं गादीवर लोळून मांड्यांचं लोणी झालेलं!

"गाठ सोडा, बाबा! अहंकाराची!" पोस्टमननं आवाज दिला.

अखेर दोन शिष्यांनी बगलेत धरून त्यांना उचललं. मी ते डोळे भरून पाहिलं. दया आली नाही. खोटं कशाला बोलू?

देवाला मी आजही मानते. मांडीत बळ धरणारा स्नायू त्यानंच घातला, असंही मानते. म्हणून हात जोडून सांगते : गुडघा दुखला तर शिकलेल्या डॉक्टरला दाखवा, झेपेल तेवढं हला, रोज थोडं वाढवा. याला वेळ लागतो, घाम येतो आणि कुणी टाळ्या वाजवत नाही. आणि देवाचं नाव घेऊन कुणी म्हणालं, 'हलू नका', तर त्याला विचारा, 'का?' उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.