यशोदाबाईचा उकिरडा

नाक दाबायचं तर खुशाल दाबा, पण ऐका. मी मोशीतला उकिरडा बोलतोय. गोठ्यामागं माझं ठाणं. लोक शिवी देताना माझं नाव घेतात आणि त्याच तोंडानं माझ्यावर पिकलेलं खातात. असो.

माझा जन्म बासष्टचा. त्याआधी मी नुसता ढीग होतो, कोंबड्यांनी उकरायचा. ग्रामसेवक माझ्या मालकाला, चिमाजीला, म्हणाले, "ढिगातलं निम्मं खत उन्हावाऱ्यात जातं, खड्डा घ्या." चिमाजीनं दोन दिवस कुदळ मारली आणि मी पुरुषभर खोल झालो. शेण, गुरांनी उरवलेली वैरण, चुलीची राख, भाजीची देठं, सगळं माझ्या पोटात.

चिमाजीची बायको यशोदाबाई मला हातानं ओळखायची. कोपरापर्यंत हात घालून मूठभर काळं खत काढायची, हुंगायची. "अजून कच्चं हाय. पंधरा दिस थांबा," म्हणायची, आणि चिमाजी जुंपलेली गाडी सोडायचा. म्हणतात ना, बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात. माझे दर वर्षी फिटत होते, राव.

त्यांचा कांदा माझ्या जिवावर व्हायचा. चाकणच्या बाजारात व्यापारी तो दाबून बघायचे; आषाढ आला तरी सडत नसे. बियाणंही घरचंच, यशोदाबाईच्या सासूपासून चालत आलेलं. बाहेरून काही आणायचं नाही आणि रानातलं रानाला परत द्यायचं, एवढाच आमचा धंदा.

मग पिंपरी-भोसरीकडं कारखाने आले. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. कामगारांना मेथी, कोथिंबीर, कांदा लागायचाच. चिमाजी सायकलला पाट्या बांधून त्यांच्या वसाहतीत जायचा आणि येताना तिथल्या बायांनी दिलेली सालंदेठं माझ्यासाठी आणायचा. वाटलं, त्यांची यंत्रं आणि आमची माती मिळून नांदतील. मातीचा कस राखला असता तर हे शंभर वर्षं चाललं असतं.

सत्त्याहत्तरला चिमाजी वारला. त्याचा मुलगा ज्ञानदेव नळांना चकाकी चढवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात टेंपररी लागला होता. पुढच्या पावसाळ्यात तो टेम्पोतून चार पिंपं घेऊन आला. आत हिरवट चिखल.

"काय रं हे?" यशोदाबाईनं विचारलं.

"खत हाय, आये. कंपनीचं. सायबानं फुकट दिलंय."

"कंपनीत खत व्हतं व्हय?"

"व्हतं की. शिकल्याली मान्सं हायती ती."

तिनं विश्वास ठेवला. पोटच्या पोरावर नाही ठेवायचा तर कुणावर? शिवाय गावाची जुनी समजूत, उकिरड्यात काही टाका, जिरतं. मलाही तोच माज होता. पण ती आत गेली आणि ज्ञानदेवनं कोपरापर्यंत रबरी मोजे चढवले, मग पिंपं ओतली.

टेम्पोवाला म्हणाला, "सायेब खूश हायत तुझ्यावर. फकस्त हिरीजवळ वतू नगं म्हनलेत, पावसात खाली पाझरतं."

"आयेला बोलू नगं," ज्ञानदेव म्हणाला. "मला परमनंट करनार हायत."

दर आठवड्याला टेम्पो येऊ लागला. माझी गांडुळं मेली. पोटातली ऊब गेली. कार्तिकात यशोदाबाईनं नेहमीसारखा उघडा हात माझ्यात घातला. मूठ हुंगली, पण वास ओळखू येईना. "कंपनीचं हाय, आसंल आसंच," स्वतःशी म्हणाली आणि वाफ्यांत पसरलं. होतं नव्हतं ते सगळं बी टाकलं. पुढच्या बियाण्यासाठी राखलेले कांदेही त्याच मातीत लावले.

रोप बोटभर आलं, पिवळं पडलं आणि बसलं. कांदे जमिनीतच सडले. सासूपासूनचं वाण एका हंगामात संपलं. तिच्या हातांना चिरा पडल्या, त्या भरेनात.

आळीतले म्हणाले, "उकिरडा बाधला." मी बाधलो? अरे, मला काय चारलं ते तरी विचारा. ज्ञानदेव तिथंच उभा होता, मान खाली घालून. त्याच महिन्यात तो परमनंट झाला. आईच्या हातावर पेढा ठेवला त्यानं, त्या चिरा पडलेल्या हातावर. तिनं तो देवापुढं ठेवला. मला इतकी चीड कधी आली नव्हती.

दोन वर्षं तिनं मला सुधारायची वाट पाहिली. यंदा मात्र माझ्यावर मुरूम टाकून मला बुजवलं. तिचा दोष नाही, बाईनं किती सोसायचं? आता हातांना चिंध्या गुंडाळून ती नवा खड्डा खणतेय. भावजयीकडून मूठभर बी मागून आणलंय, ते पदराच्या गाठीत आहे. तेवढंच उरलंय तिला.

खड्डा खणतेय तो माझ्या खालच्या अंगाला, उतारावर, दहा हातांवर. ज्ञानदेव रजा घेऊन माती उपसतोय. पाऊस पडला की माझ्यातलं पाणी कुठं जाणार, हे त्याला ठाऊक आहे. आज तीन दिवस तो आईशेजारी घाम गाळतोय आणि एक अक्षर बोलत नाही.

मला मूठमाती मिळाली, त्याचं काही नाही. पण बाबांनो, कुणी गोठ्यामागच्या वाटेनं जात असाल तर तिला थांबवा. म्हणावं, यशोदाबाई, इथं नको, लांब खण, चढाला खण. जरा लवकर पाय उचला. कुदळ ठेवून तिनं शेणाची पहिली पाटी डोक्यावर घेतलीय.